कारंज्याच्या भट्टीवर एक लोखंडी पान

दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृह पुन्हा भरलं, पण स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाई परत आल्या नाहीत. मुलीच्या बाळंतपणाला गेल्या आणि तिकडेच राहिल्या. अमरावतीच्या या मुलींच्या वसतिगृहाची मी रेक्टर. हजेरी माझी, कुलपं माझी, आणि आता डाळीत मीठ किती घालायचं तेही माझंच. उन्हाळ्यात आई गेली होती. तिच्या दुखण्याचं वर्ष अंगात मुरून बसलं होतं आणि सकाळी उठतानाच मी दमलेली असे. बोलणंही जिवावर येई, म्हणून मी सगळं घंटेवर चालवत होते. जेवणाची घंटा, अभ्यासाची घंटा, दिवे मालवायची घंटा. मुली शहाण्या, ऐकायच्या.

अशात कारंज्याची लता सुट्टीहून आली आणि ट्रंक खाली ठेवायच्या आधी मला म्हणाली, "बाई, शेवंतामावशीनं निरोप देल्ला. अवंदा येतो म्हणे. घ्याले या म्हणे."

शेवंता माझी मूर्तिजापूरची बालमैत्रीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. तिचे वडील लोहार, माझे पोस्टात. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. मग ती लग्न होऊन कारंज्याला एका लोहाराच्याच घरी गेली आणि मी शिकायला अमरावतीला. भेटलो की मी तिला चिडवायची, माझ्याकडे ये, माझ्या पोरींना जेवू घाल. ती हसायची. या वेळी ती हसली नव्हती. कारण लताने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. शेवंताचा एकुलता एक मुलगा सुरेश भिलाईला कारखान्यात लागला होता. त्याला जा म्हणणारी शेवंताच. नवऱ्याने, शंकररावांनी, पोरगा आपल्या भट्टीवर उभा राहील असं धरलं होतं. पोरगा गेला त्या दिवसापासून ते बायकोशी एक शब्द बोलले नव्हते.

वसतिगृहाच्या कमिटीने स्वयंपाकघरासाठी माणूस निवडायचं माझ्यावर सोपवलं होतं. माझ्या शेजारची खोली रिकामी होती. खरं सांगायचं तर मला डाळ-भातासाठी शेवंता हवी होतीच, पण त्याहून जास्त हवी होती ती भिंतीपलीकडे कुणीतरी खोकावं म्हणून.

कारंज्याला एस.टी.ने लवकर जाता येतं. तरी तुम्ही पहिल्यांदा जात असाल आणि घाई नसेल, तर मूर्तिजापूरहून छोट्या रुळांची गाडी धरा. चार-पाच दिवसांचा स्वयंपाक मोठ्या मुलींवर सोपवून मीही तेच केलं. बडनेऱ्याहून मूर्तिजापूर, तिथे पूल ओलांडला की ही गाडी खेळण्यासारखी उभी असते. डबे बुटके, इंजिन कोळशाचं. तिकीट स्वस्त, पण पांढरं पातळ नेसू नका. वाटेत कापसाची शेतं वेचणीला आलेली होती. बायकांनी कापूस टाकायला पोटाशी ओट्या बांधलेल्या. चढ आला की गाडी इतकी हळू होई की समोरच्या बाकावरचे एक म्हातारबुवा खाली उतरले, बांधावरची बोरं घेतली आणि पुढच्या डब्यात चढून आमच्याकडे परत आले. मूठभर बोरं त्यांनी मला दिली. म्हणाले, "खा बापा, उतरासाठी मरमर करू नका. कारंजा कुठी पळून नाई चाललं."

मी खाल्ली. बऱ्याच दिवसांत कुणी मला काही आणून दिलं नव्हतं.

कारंजा जुन्या बाजारपेठेचं गाव. वेशी अजून उभ्या आहेत. आत गल्ल्या अरुंद, पेढ्या, सरकी आणि गुळाचा वास, आणि त्या दिवसांत कापसाच्या बैलगाड्या एकीमागे एक लागलेल्या. दारव्हा वेशीच्या बाजूला शेवंताचं घर आहे. पुढे दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात टिनाच्या छपराखाली भट्टी. कुणालाही विचारायची गरज पडली नाही. आवाजाच्या दिशेने गेले.

दारातून पाहिलं आणि थबकले. घण शेवंताच्या हातात होता. पदर कमरेला खोचलेला, केस पांढरे झालेले, आणि ती घण डोक्यावरून आणत होती. शंकरराव सांडशीत लाल सळई धरून बसले होते. त्यांच्या उजव्या हातातली लहान हातोडी जिथे टेकेल तिथे घण पडत होता. हातोडी इंचभर सरकली की घणही सरके. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. मधूनच हातोडी नुसत्या ऐरणीवर टणकन वाजे. मला वाटलं, तालासाठी असेल.

सळई परत आगीत गेली तेव्हा शेवंताने मला पाहिलं. घण टेकवून जवळ आली, माझा चेहरा दोन्ही काळ्या हातांत धरला.

"कुसुम, काय वं हे? माझ्याहून तूच थकलेली दिसते."

संध्याकाळी ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि तेलातला ठेचा होता. विदर्भाबाहेरून येणाऱ्यांनी ठेचा आधी नखाएवढा घ्यावा. शंकरराव माझ्याशी आदराने बोलले. अमरावतीची हवा, गाडीचा प्रवास, आईचं कळलं म्हणाले. शेवंता त्यांच्यापासून हातभर अंतरावर तव्यापाशी बसली होती. ती त्यांना वाढायला वाकली, तर ते मला म्हणाले, "बाई, घरात सांगा, भाकर पुरे."

मी शेवंताकडे पाहिलं. तिने भाकर तशीच परत टोपल्यात ठेवली आणि मला म्हणाली, "सांग त्यायले, ऐकू आलं."

हसू की काय करू, मला कळेना. नंतर अंगणात हात धुताना तिने बेत सांगितला. एका जैन शेठजींनी माडीच्या खिडक्यांना वेलबुट्टीच्या जाळ्या सांगितल्या होत्या. एकच राहिली होती. ती पुरी झाली की माझ्याबरोबर निघायचं. तिने गाठोडंही बांधून ठेवलं होतं. नवऱ्याला ते दिसत असणार, मी म्हटलं. "दिसते ना," ती म्हणाली. "रोज त्याले वळसा घालून जाते माणूस." आणि ती दंडावरून खांद्याकडे हात फिरवत राहिली. खांदा सुजला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी भट्टीवर बसले. जाळी लवकर होईल तितकं आम्ही लवकर निघू, हा माझा मतलब. पण तुम्हाला कधी अशी संधी मिळाली तर मतलब नसतानाही बसा. जुनी सुती साडी नेसा, पायात काहीतरी घाला, ठिणगी पायावरच येते. मला आधी भाता दिला. साखळी ओढायची आणि सोडायची. निखारा जोर लावून पेटत नाही, सारखेपणाने पेटतो, हे तासाभराने हाताला समजलं. दुपारनंतर शंकररावांनी एक सळई माझ्यापुढे केली आणि पान करायला शिकवलं. टोक तापवून लाल करायचं, ठोकून टोकदार करायचं, मग मागचा भाग चपटा करत न्यायचा. देठ गोलच ठेवायचा. शेवटी बोथट छिन्नीने मधली शीर आणि बाजूच्या शिरा उठवायच्या. त्यांचं पान तीनदा तापवून होई. माझं मी किती वेळा तापवलं ते विचारू नका. पहिलं पान जिभेसारखं झालं. दुसरं काळं पडून टोकाला जळालं. तिसरं शंकररावांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हे वरच्या कोपऱ्यात बसवू. तिकडे कोणी पाह्यत नाई."

माझ्या दृष्टीने ती पहिल्या वर्गात पास झाल्याची पावती होती. हात दुखत होते, तोंडात राख होती, आणि बऱ्याच महिन्यांनी मी आईच्या औषधांच्या वेळा आठवल्याशिवाय एक दुपार काढली होती.

ऊन कलायच्या आत शेठजी काम बघायला येत. सूर्यास्तापूर्वी जेवायचं म्हणून त्यांना घाई असे, तरी खाटेवर बसून एक तरी शेरा मारल्याशिवाय जात नसत. स्टेशनच्या रस्त्याला विजेवर जोड देणारं नवं दुकान निघालं होतं. तिथे तयार जाळ्या झटपट मिळत, असं त्यांनी दोनदा ऐकवलं. शंकररावांनी मान वर केली नाही. मग शेठजींनी माझ्याकडे बघून तक्रार मांडली की मागच्या जाळीत शंकररावांनी हौसेने पोपट बसवला, आणि घरातल्या बायकांना ती कोंबडी वाटली. "आमच्या घरात कोंबडी कशी चालेल बाई, तुम्हीच सांगा. या वेळी नुसती वेल." शंकरराव गंभीरपणे म्हणाले, "पोपटच होता. तुमच्याकडे काही खाले भेटलं नाई म्हणून सुकला." शेवंता पदराआड हसली. शंकररावांना ते हसू ऐकू आलं. त्यांचा हात क्षणभर थांबला, आणि परत चालू झाला.

वेलीचा नमुना कुठून आला ते पाहायला एका सकाळी शेवंता मला जैन मंदिरात घेऊन गेली. लाकडी खांबांवर कोरीवकाम आहे. गेलात तर सकाळीच जा, उजेड तिरपा येतो तेव्हा पानांच्या शिरा दिसतात. तरुणपणी शंकरराव इथे येऊन बोटाने वेल गिरवत बसत आणि घरी जाऊन लोखंडात उतरवत, असं तिने सांगितलं. तेव्हा ते बोलत का, मी विचारलं. "तवाबी कमीच," ती म्हणाली. "पण कमी अन् काहीच नाई, याच्यात फरक हाये ना." मग खांबाला टेकून म्हणाली, "अमरावतीले मी रांधीन. कोणी म्हणन, मावशी, मीठ कमी हाये. तेवढं बी मले पुरते."

मी तिचा हात धरला. मनात शेजारची खोली झाडून ठेवली होती, खिडकीला पडदाही लावला होता.

शेवटच्या दिवशी जाळीच्या मधला जोड राहिला होता. दोन बाजूंनी आलेल्या दोन वेली वर कमानीत एक होतात, तो जोड. विजेच्या दुकानात तो पटकन झाला असता. शंकररावांना तो आगीतच करायचा होता. दोन्ही टोकं पांढरी होईपर्यंत तापवायची, वाळू भुरभुरायची, एकावर एक ठेवून घणाने एकजीव करायची. सकाळी शेवंताचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. ते तिने मला सांगितलं, शंकररावांना नाही. मी म्हटलं, घण मी मारते, इतके दिवस पाहतेय, हातोडी टेकेल तिथे मारायचं एवढंच ना. तू आत जा, वाटेसाठी भाकरी कर. दुपारच्या एस.टी.ने निघायचं ठरलं होतं.

शंकररावांनी माझ्याकडे पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं, आणि सळया बाहेर काढल्या.

पहिला घाव जरा बाजूला पडला. दुसरा बरा. मग मला लय सापडली. हातोडी टेके, मी मारे. ठिणग्या उडत होत्या, दोन टोकं एक होताना दिसत होती, आणि मला इतका आनंद झाला की दमणं विसरले. हातोडी ऐरणीवर टणकन वाजली. मी मारला. परत वाजली, जोरात. ताल वाढवायला सांगतायत असं वाटून मी आणखी जोरात मारला. तिसऱ्यांदा वाजली. लाली उतरली होती. माझा घाव पडला आणि जोड चपटा होऊन मधोमध फाटला. एक वेल सांडशीत राहिली, दुसरी मातीत पडली.

शंकरराव रागावले नव्हते. ते नुसते माझ्याकडे बघत होते, परभाषेतल्या माणसाकडे बघावं तसे.

"बाई, ऐरण वाजली का थांबाव लागते," ते म्हणाले.

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

त्यांना ते खरंच कळलं नाही. त्यांच्या बापाने त्यांना सांगितलं नसेल, शेवंताच्या बापाने तिला नसेल. या घरांत ते जन्मतःच येत असावं. त्यांनी विचारलं, "सांगाव लागते का?"

"हो."

शेवंता दारात उभी होती. हाताला पीठ. आतून तिने तिन्ही वेळा ऐरण ऐकली होती आणि त्यावरही घाव पडलेले ऐकले होते.

"सांगाव लागते," ती म्हणाली. इतक्या महिन्यांनी ती थेट नवऱ्याशी बोलत होती. "तोंडानं सांगाव लागते. तिले बी, अन् मले बी."

तिने हात पदराला पुसले आणि माझ्याकडून घण घेतला. मी तिला अडवणार होते, पण तिचा चेहरा पाहून भात्याकडे गेले. शंकररावांनी फाटलेली टोकं कापून टाकली, वेली जरा ओढून लांब केल्या आणि पुन्हा आगीत घातल्या. मी साखळी ओढत राहिले. पांढरं झालं. वाळू पडली. हातोडी टेकली आणि शेवंताने घण उचलला, खांद्यापर्यंतच, पण तो बरोबर पडला. मग दुसरा, मग पुढचे. जोड दिसेनासा झाला. आता ऐरण वाजायची वेळ आली, हे मलाही समजलं. शंकररावांची हातोडी वर गेली. ती खाली आली नाही.

"पुरे," ते म्हणाले. मग तिच्याकडे बघून, "पुरे, सुरेशची माय."

शेवंता घणाच्या दांड्याला धरून उभी राहिली. पोरगा गेल्यापासून त्या घरात त्याचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

"खांदा दुखते तं सांगत काहून नाई?" त्यांनी विचारलं.

"कोणाले सांगू?"

त्या दुपारच्या एस.टी.ने आम्ही गेलो नाही. दिवस मावळता मावळता दोघांचं भांडण सुरू झालं. मी पुढच्या खोलीत खाटेवर, जायला जागा नाही. सगळं निघालं. पोराला कोणी धाडलं, कोणाला विचारून धाडलं, बापाच्या हाताखाली राहून त्याला काय मिळालं असतं, बापाला एकट्याला टाकून जाताना त्याला काय वाटलं असेल. शंकररावांचा आवाज एकदा फुटला. शेवंताचा चढतच गेला. शेजारच्या बाईने कुंपणावरून मला खुणेनेच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, बोलतायत. ती हनुवटीवर बोट ठेवून तिथेच उभी राहिली.

सकाळी शेवंता मला स्टँडवर पोचवायला आली. तिच्या हातात माझी पिशवी होती, तिचं गाठोडं नव्हतं. मला ते घरातून निघतानाच दिसलं होतं. तरी मी स्टँडपर्यंत काही विचारलं नाही, कारण विचारलं नाही तोवर ती येणार असण्याची शक्यता उरत होती.

"तुले वाटन, एका शब्दावर विरघळली," ती म्हणाली.

मी खरंच तसं वाटत असल्याचं सांगितलं. थोडं रागानेच.

"विरघळली नाई वं. घण आता मी उचलत नाई, ते सांगून टाकलं. माणूस लावा, नाई तं भट्टी बंद करा. त्यावर बी भांडण होईन. होऊ दे. इतके दिवस घरात भांडाले बी माणूस नव्हता, कुसुम." मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी मनात शेजारच्या खोलीला पडदाही लावून ठेवला होता, हे तिला कळलं असावं. पदराखालून तिने एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. माझ्या घावाने फाटलेला जोडाचा तुकडा. शंकररावांनी सकाळी तो तापवून वाकवला होता, भिंतीत ठोकायला मागे टोक काढलं होतं. खुंटी झाली होती. पुढे एक पान होतं, नीट शिरा उठवलेलं.

गाडीत बसल्यावर मी रडले. शेजारच्या बाईने विचारलं, माहेरहून चालल्या का? मी हो म्हटलं. सोपं पडलं.

एस.टी.चा रस्ता अमरावतीपर्यंत बरा आहे, वाटेत चहाला थांबते. चहा गोड मिळतो. खिडकीशेजारी बसू नका, धूळ येते. मी बसले होते.

घरी आले त्याला आता बरेच दिवस झाले. स्वयंपाकघराला दुसऱ्या बाई मिळाल्या आहेत, वरण पातळ करतात. शेजारची खोली रिकामी आहे. दमणूक गेलेली नाही. चार दिवस भट्टीवर बसून ती जाईल, असं मला वाटलंही नव्हतं. शेठजींच्या माडीवर जाळी बसली, असं लता सांगते. मंदिराकडून येताना डाव्या हाताला वर पाहा. डाव्या कोपऱ्यातलं जाड, बोजड पान माझं आहे. मधला जोड शोधून सापडणार नाही. लता हेही सांगते की मावशीच्या घरून रोज आवाज येतात आणि गल्लीला आता त्याची सवय झाली आहे.

खुंटी मी आले त्याच दिवशी दाराशी ठोकली, शाल अडकवायला. त्या संध्याकाळी सवयीने व्हरांड्यात गेले, घंटेची दोरी हातात घेतली. जेवणाची वेळ झाली होती. दोरी धरून तशीच उभी राहिले. मग सोडली आणि पहिल्या खोलीपासून सुरुवात केली. दार लोटायचं, नाव घ्यायचं, चला जेवायला म्हणायचं. काही नावं मला आठवेनात. ती विचारून घेतली. शेवटच्या खोलीत लता होती. ती घाबरून उभीच राहिली.

"बाई, घंटा बिघडली का?"

"नाही गं," मी म्हटलं. "हात दुखतोय."

आणि तो दुखतही होता.